लाडक्या कुत्र्याला चॉकलेट? जरा थांबा!

या सदरात एरवी गाई-म्हशींचा दगडी, शेळ्यांचे जंत, कोंबड्यांची मानमोडी अशा विषयांवर लिहिणे होते आणि शेतकरी वाचकांचा तो हक्कच आहे. पण गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीही घरोघरी पामेरियन, लॅब्रेडॉर, पग अशी कुत्री आली आणि त्यांच्या मालकांचे प्रश्नही दवाखान्यात येऊ लागले. त्यांतला एक प्रश्न गणपती, दिवाळी आणि नाताळच्या दिवसांत हमखास येतो. ‘डॉक्टर, आमच्या टॉमीने चॉकलेट खाल्ले. काही होईल का हो?’

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणते चॉकलेट, किती, कुत्र्याचे वजन किती आणि खाऊन किती वेळ झाला, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणताही पशुवैद्य छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. मालक मात्र दोन टोकांचे भेटतात. ‘आमची मुले रोज खातात, त्यांना काही होत नाही, मग ह्याला काय धाड भरणार?’ असे म्हणणारे एक, आणि कुत्र्याने क्रीमचे बिस्कीट चाटले तरी मध्यरात्री दार ठोठावणारे दुसरे. दुसऱ्यांचा मला राग येत नाही, झोपमोड होते एवढेच. पहिल्यांची मात्र भीती वाटते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे तो भाषेचा. लहान मुलांच्या तोंडी संत्र्याची गोळी, लिमलेटची गोळी, टॉफी हे सगळेच ‘चॉकलेट’ असते आणि खऱ्या चॉकलेटला, ते कोणत्याही कंपनीचे असो, आपण ‘कॅडबरी’ म्हणून मोकळे होतो. संत्र्याच्या गोळीत कोको नसतो. त्यामुळे कुत्र्याने एखादी गोळी चघळली तर दातांना आणि पोटाला जो काही त्रास होईल तेवढाच. आपण बोलतो आहोत ते कोकोपासून केलेल्या चॉकलेटविषयी.

दोष कशात आहे?

कोकोचे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. आपल्या देशात केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून लावतात. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या झाडाच्या प्रजातीला ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. पुढे १८४१ मध्ये वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून एक कडू द्रव्य वेगळे काढले. झाडाच्या नावावरून त्याचे नाव पडले थिओब्रोमिन. चहा-कॉफीतल्या कॅफिनचे हे सख्खे भावंड होय. चॉकलेटमध्ये ही दोन्ही असतात, पण थिओब्रोमिन कितीतरी अधिक. देवांचे हे अन्न कुत्र्याला मात्र मानवत नाही.

आपल्या शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य असते. हृदय आणि मेंदू यांना ताळ्यावर, शांत ठेवण्याचे काम ते करते. थिओब्रोमिन आणि कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतात. लगाम सुटलेल्या घोड्यासारखे मग हृदय धावू लागते, मेंदू चाळवतो, स्नायू आखडतात, लघवीचे प्रमाण वाढते. चहा घेतल्यावर आपल्याला जी तरतरी येते ती याच क्रियेची सौम्य बाजू आहे.

मग माणसाला होत नाही ते कुत्र्याला का होते? फरक आहे तो निचऱ्याचा. माणसाचे यकृत थिओब्रोमिनचे विघटन बऱ्यापैकी वेगाने करते. सहा ते दहा तासांत त्यातले निम्मे निघून जाते. कुत्र्याच्या यकृताला याच कामाला साधारण साडेसतरा तास लागतात. रात्री आठ वाजता मुलाने आणि कुत्र्याने चॉकलेट वाटून खाल्ले असे समजा. सकाळी मुलगा शाळेत निघतो तेव्हा त्याच्या अंगातले बरेचसे थिओब्रोमिन गेलेले असते. कुत्र्याच्या अंगातले निम्मे दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजेपर्यंत तिथेच असते, आणि उरलेल्या निम्म्यातले निम्मे जायला तिसऱ्या दिवसाची सकाळ उजाडते. शिवाय पित्तातून आतड्यात उतरलेले थिओब्रोमिन पुन्हा रक्तात शोषले जाते आणि लघवीत उतरलेलेही मूत्राशयाच्या पडद्यातून परत आत घेतले जाते. म्हणून ‘काल थोडे दिले होते, काही झाले नाही, आज पुन्हा देऊ’ हा हिशेब फसवा आहे. कालचे अजून संपलेले नसते.

किती खाल्ले तर धोका?

येथे थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळे मर्म या गणितातच आहे.

दुधाच्या नेहमीच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला थिओब्रोमिन व कॅफिन मिळून सुमारे दोन-सव्वादोन मिलिग्रॅम असते. डार्क म्हणजे काळ्या, कडवट चॉकलेटमध्ये ते पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, चॉकलेट जितके कडू तितके अधिक. साखर न घातलेल्या, बेकिंगच्या चॉकलेटमध्ये पंधराच्या आसपास. आणि केकसाठी आपण डब्यातून आणतो त्या कोरड्या कोको पावडरमध्ये सव्वीस ते अठ्ठावीस! पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे फक्त लोणी असते, त्यामुळे त्यात थिओब्रोमिन नाममात्र. केकवाल्यांच्या ‘डार्क कंपाउंड’ लाद्यांत कोको पावडर असते. तिचे प्रमाण कंपनीगणिक बदलते, म्हणून तिला डार्क चॉकलेटच्याच बरोबरीची समजावे हे शहाणपणाचे.

आता दुसरी बाजू. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे वीस मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या, जुलाब, बेचैनी दिसू लागते. चाळीस ते पन्नासला हृदयाची लय बिघडते. साठच्या पुढे झटके येतात. शंभर ते दोनशेच्या दरम्यान निम्मी कुत्री दगावतात असे विषशास्त्राची पुस्तके सांगतात, पण त्याहून कमी मात्रेतही मृत्यू झालेले आहेत. वृद्ध, हृदयविकाराचे किंवा फेफऱ्याचे कुत्रे असेल तर हे आकडे आणखी खाली धरावेत.

पंचवीस किलोच्या लॅब्रेडॉरने चाळीस ग्रॅमचे दुधाचे चॉकलेट पळवले तर किलोमागे चार मिलिग्रॅमही होत नाहीत. चिंता नको. तेच चॉकलेट पाच किलोच्या पामेरियनने खाल्ले तर अठरा, म्हणजे पोट बिघडण्याच्या उंबरठ्यावर. तेवढेच पण डार्क असेल तर चाळीस, म्हणजे थेट हृदयाचा प्रश्न. आणि त्याच पामेरियनने सांडलेली कोको पावडर दोन मोठे चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम, चाटली तर छप्पन्न! लॅब्रेडॉरच्या मालकांनीही फार निश्चिंत राहू नये. ही जात खाण्याच्या बाबतीत हावरट. अर्धा किलोची डार्क लादी ओट्यावर राहिली आणि त्याने अर्धी संपवली, तर त्याचाही आकडा पन्नासवर जातो. मुलांना आवडते म्हणून पिल्लाला भरवणाऱ्यांनी हे पाहावे : दोन किलोच्या पिल्लाला तेच चाळीस ग्रॅमचे साधे दुधाचे चॉकलेट पंचेचाळीसपर्यंत नेते.

कुत्र्याचे वजन ठाऊक नसते अशी अनेकांची अडचण असते. वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. आजच करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. इतर औषधांच्या मात्रेसाठीही तो आकडा कामाला येतो.

लक्षणे उशिरा दिसतात

साप चावला की लगेच धावपळ होते, तशी चॉकलेटने होत नाही. खाल्ल्यावर दोन ते चार तासांत बेचैनी, खूप तहान, उलटी, पोट फुगणे सुरू होऊ शकते. पण ठळक लक्षणे सहा ते बारा तासांनी येतात. कुत्रे एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालते, धापा टाकते, वारंवार लघवी करते, कधी घरातच करते. नंतर अंग थरथरते, चाल लटपटते, ताप चढतो आणि झटके येतात. मृत्यू येतो तो बहुधा हृदयाची लय बिघडून, अंग अतिशय तापून किंवा श्वास बंद पडून. खाल्ल्यापासूनच्या या पहिल्या काही शांत तासांतच घरचे लोक गाफील राहतात. ‘बघा, मस्त खेळतोय’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल!

दोन कुत्र्यांची हकिकत सांगतो, म्हणजे फरक कळेल. एक दहा किलोचा बीगल होता. घरच्या बाई केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे शंभर ग्रॅम डार्क कंपाउंड त्याने कागदासकट फस्त केले. हिशेब पन्नासचा, म्हणजे गंभीर. पण बाईंनी उरलेला कागद उचलला, रिक्षा केली आणि पाऊण तासात दवाखाना गाठला. उलटीचे इंजेक्शन दिल्यावर तपकिरी गोळाच्या गोळा बाहेर आला. औषधी कोळसा पाजला, सलाईन लावले. रात्रभर हृदय जलद चालले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेला. दुसरा होता सात किलोचा पग. फडताळातला कोकोचा डबा पाडून त्याने सुमारे तीस ग्रॅम पावडर खाल्ली होती. किलोमागे एकशेवीस. रात्री दोनदा उलटी झाली, तेव्हा ‘पोट साफ झाले, आता बरे वाटेल’ असे समजून मंडळी झोपली. पहाटे झटके सुरू झाले. माझ्याकडे आणले तेव्हा हृदयाचे ठोके मोजता येत नव्हते इतके जलद होते. दुपारपर्यंत आम्ही झगडलो. तो वाचला नाही. आपोआप झालेल्या उलटीने सगळे विष बाहेर पडतेच असे नाही, एवढे या दुसऱ्या घटनेतून ध्यानात घ्यावे.

ताबडतोब काय करावे?

उरलेले चॉकलेट आधी काढून घ्या. त्याचा कागद, डबा, पाकीट टाकू नका, सोबत ठेवा. कोकोचे प्रमाण त्यावर छापलेले असते. किती होते आणि किती उरले याचा अंदाज करा, आणि अंदाज चुकायचाच तर जास्तीच्या बाजूला चुकू द्या. घरात दोन कुत्री असतील तर प्रत्येकाने सगळे खाल्ले असे धरून दोघांचा हिशेब मांडा. मग पशुवैद्याला फोन करा. लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवता आली तर बराच धोका टळतो. चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होऊन बसते, म्हणून चार-सहा तास उलटून गेले असले तरी कधी कधी उपयोग होतो. सबब, ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नये.

घरगुती उपायांचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे मिठाचे पाणी. तो अत्यंत घातक आहे. पाच किलोच्या कुत्र्याला मोठा चमचाभर मीठ हेच मुळी विषाच्या मात्रेजवळ जाते. उलटी झाली नाही तर चॉकलेटच्या विषात मिठाच्या विषाची भर. घशात बोटे घातली तर कुत्रे चावते, उलटी होईलच असे नाही. दूध, ताक, तूप, लिंबूपाणी यांपैकी कशानेही थिओब्रोमिन उतरत नाही. आधीच चरबीने भरलेल्या पोटात तूप म्हणजे स्वादुपिंडाला दुखापत. चुलीतला कोळसा कुटून देणारेही भेटले आहेत. दवाखान्यातला कोळसा वेगळा असतो, विष शोषून घेण्यासाठी तो खास प्रक्रिया करून बनवतात. हायड्रोजन पेरॉक्साइडविषयी विचारणारेही असतात. पशुवैद्य कधी कधी तीन टक्क्यांचे द्रावण मोजून द्यायला सांगतात हे खरे, पण आपल्या औषधाच्या दुकानांत सहा टक्क्यांचेही मिळते आणि त्याने जठर भाजून निघते. डॉक्टरने फोनवर प्रमाण सांगितल्याशिवाय त्या बाटलीला हात लावू नये. थरथरणाऱ्या, गुंगीतल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात तर पाणीसुद्धा ओतू नये. ते फुप्फुसात जाते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हा धोका अधिक. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देणे हाही असाच अविचार. ओले फडके, पंखा, थंड फरशी एवढे पुरे.

वाटेत असताना एक उपयोगी गोष्ट करता येते. डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून ठोके मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. मोठ्या कुत्र्याचे स्वस्थ असताना मिनिटाला साधारण सत्तर ते एकशेवीस, लहान जातींचे एकशेचाळीसपर्यंत चालते. शांत पडलेले असूनही एकशेसाठच्या वर जात असेल किंवा मध्येच ठोका चुकत असेल तर डॉक्टरांना आधीच फोनवर सांगा, म्हणजे ते तयारीत राहतील.

थिओब्रोमिनवर उतारा असा नाही. दवाखान्यात जे करतात ते विष बाहेर काढणे आणि ते निघून जाईपर्यंत शरीर सांभाळणे. कोळसा काही तासांनी पुन्हा द्यावा लागतो. झटक्यांवर डायझेपाम, हृदयाच्या लयीवर त्यासाठीची इंजेक्शने, सलाईन आणि लघवीची नळी. नळी पाहून मालक घाबरतात, पण मूत्राशयातले विष पुन्हा शोषले जाऊ नये म्हणून ती असते. सौम्य बाधेत घरी सोडले तर याच कारणासाठी कुत्र्याला दर दोन-तीन तासांनी लघवीला बाहेर न्यावे, रात्रीसुद्धा. गंभीर बाधेची लक्षणे तीन दिवसांपर्यंत टिकू शकतात. आणि सगळे शांत झाल्यावर, एक ते तीन दिवसांनी, पुन्हा उलट्या, पोटदुखी, पाठ वाकवून उभे राहणे असे दिसले तर चॉकलेटमधल्या चरबीने स्वादुपिंड सुजले असण्याची शक्यता असते. पुन्हा दाखवावे.

आपल्या गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि फोन नंबर आधीच माहीत करून घ्या. पशुसंवर्धन खात्याची १९६२ या टोल फ्री क्रमांकाची फिरती सेवा मुख्यत्वे गुरांसाठी असल्यामुळे रात्री कुत्र्यासाठी तिच्यावरच विसंबू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री उघडणारा खासगी दवाखाना कोणता, हे शांतपणी विचारून ठेवावे.

सणांचे दिवस

इंग्लंडमधील संशोधकांनी २०१२ ते २०१७ या काळातील २२९ पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यांच्या ३८६ घटना सापडल्या. नाताळात असे घडण्याचा संभव एरवीच्या चौपटीहून अधिक आणि ईस्टरला दुप्पट निघाला. चार वर्षांच्या आतली कुत्री अधिक सापडली. सुदैवाने बहुतेकांनी खाल्लेली मात्रा जिवावर बेतणारी नव्हती. आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली तर गणपतीतले चॉकलेटचे मोदक, दिवाळीच्या भेटीचे डबे, लोणावळा-महाबळेश्वरहून आणलेली फज आणि मुलांचे वाढदिवस ही ठिकाणे पुढे येतील असा माझा अंदाज आहे. वाढदिवसाला एकमेकांच्या तोंडाला केक फासण्याची जी पद्धत निघाली आहे तिच्याविषयी मी बोलत नाही, पण उरलेला चॉकलेट केक गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकण्यात भूतदया नाही. त्यांना पोळी घाला.

चॉकलेटमध्ये भर घातलेल्या वस्तूही पाहाव्यात. ‘शुगर फ्री’ चॉकलेटमध्ये झायलिटॉल असेल तर ते थिओब्रोमिनपेक्षाही लवकर मारते. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्या-एक तासात कोसळू शकते आणि पुढे यकृत निकामी होऊ शकते. मनुके घातलेल्या चॉकलेटमध्ये मूत्रपिंडाचा धोका. नाशिक-सांगली-तासगावकडच्या वाचकांनी द्राक्षे आणि बेदाणा कुत्र्याच्या वाटेत ठेवू नये. त्यातले टार्टारिक आम्ल कारणीभूत असावे असे २०२१ पासून मानले जाऊ लागले आहे आणि ते आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. मॅकाडेमिया नावाचे परदेशी फळही कुत्र्याला बाधते. चांदीचा कागद गिळला असेल तर आतडे अडण्याची शक्यता सांगायला विसरू नये. कॉफीच्या पुडीचे, चहाच्या पावडरीचे तेच : कॅफिन.

मांजरांना हे विष तितकेच बाधते, परंतु मांजराच्या जिभेला गोडी कळतच नाही, म्हणून ते सहसा चॉकलेटच्या वाटेला जात नाही. पिल्ले अंगावर पिणाऱ्या कुत्रीने चॉकलेट खाल्ले असेल तर थिओब्रोमिन दुधातून पिल्लांत उतरते. आईवर उपचार चालू असेपर्यंत पिल्लांना वेगळे ठेवून वरचे दूध कसे द्यायचे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

(पुढील आठवड्यात : गोचीड आणि पिसवांचा बंदोबस्त)